टाकीतला गप्पी, तळ्यातला ठिपकेवाला

पेण-रोह्याच्या वस्त्यांत नळाचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला 8-10 दिवस पुरतात. पिंप दर आठवड्याला रिकामं करून घासा, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात.

उपसता न येणाऱ्या वापराच्या टाकीत आम्ही गप्पी मासे सोडायला सांगतो. हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा. याची अंडी मादीच्या पोटातच वाढतात, महिन्याभरात पोहती पिल्लं बाहेर पडतात. नराचं बीज मादी कित्येक महिने साठवते. म्हणून गवत-शेवाळ नसलेल्या सिमेंटच्या टाकीतही संख्या वाढते. ब्लिचिंग पावडर जास्त पडली तर मात्र मरतात.

कोकणातल्या तळ्यांत, ओढ्यांत त्याचा दूरचा भाऊबंद आधीपासूनच आहे: डोक्यावर चमकता पांढरा ठिपका, पाण्याच्या अगदी वर फिरणारा. तोही अळ्या खातो. पण त्याची चिकट अंडी पाणवनस्पतींवर राहतात; तळं साफ करताना सगळं गवत उपटलं की त्याची वीणच संपते. थोडं कडेला राहू द्या. आणि गप्पी तळ्यात किंवा कुंडलिकेत सोडू नका, तो इतर माशांची अंडी-पिल्लंही खातो.