जपानी भाषेत कालावधी कसा सांगावा?

जपानी शिकू लागलेला विद्यार्थी आकडे लवकर पाठ करतो. परंतु ‘केव्हा’ आणि ‘किती वेळ’ यांत त्याची गफलत होते. १९८४ पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत प्राथमिक पातळीपासूनच हे ज्ञान आवश्यक ठरते. मराठी भाषकास मात्र हा भेद परका नाही. ‘तीन वाजता’ व ‘तीन तास’ हा फरक तो रोजच करतो.

तास व महिने

‘सान्जि’ म्हणजे तीन वाजले. त्यास ‘कान्’ जोडले की ‘सान्जिकान्’, म्हणजे तीन तास. ‘सान्जि नि काएरिमासु’ म्हणजे ‘तीन वाजता परततो’. येथील ‘नि’ वेळेचा नेमका क्षण दाखवतो. कालावधीस तो लागत नाही : ‘माइनिचि सान्जिकान् बेन्क्योऽ शिमासु’, म्हणजे ‘रोज तीन तास अभ्यास करतो’. शब्दांचा क्रमही मराठीसारखाच असून क्रियापद शेवटी येते.

महिन्यांबाबत अधिक सावध राहावे. ‘सान्गात्सु’ म्हणजे मार्च, तर ‘सान्कागेत्सु’ म्हणजे तीन महिने. आठवड्यास ‘शूकान्’ व वर्षास ‘नेन्’ म्हणतात. एक आठवडा म्हणजे ‘इश्शूकान्’ आणि चार वर्षे म्हणजे ‘योनेन्’.

मिनिटे व अर्धा भाग

मिनिटाच्या ‘फुन्’ या शब्दाचा उच्चार आकड्यानुसार बदलतो : ‘इप्पुन्’ (१), ‘निफुन्’ (२), ‘सान्पुन्’ (३), ‘गोफुन्’ (५), ‘रोप्पुन्’ (६), ‘जुप्पुन्’ (१०). दीड, अडीच यांसारखे स्वतंत्र शब्द जपानीत नाहीत. अर्ध्यासाठी ‘हान्’ हा शब्द शेवटी येतो. दीड तास म्हणजे ‘इचिजिकान् हान्’.

दिवसांची मोजणी

दिवसांची नावे मात्र पाठच करावी लागतात : इचिनिचि (१), फुत्सुका (२), मिक्का (३), योक्का (४), इत्सुका (५), मुइका (६), नानोका (७), योऽका (८), कोकोनोका (९), तोऽका (१०). दोन ते दहापर्यंत हेच शब्द तारखांसाठीही वापरतात. केवळ पहिल्या तारखेस ‘त्सुइताचि’ हा निराळा शब्द आहे. संदिग्धता टाळण्यासाठी ‘योक्काकान्’ म्हटले की ‘चार दिवस’ हाच अर्थ उरतो.

‘योक्का’ व ‘योऽका’ यांतील अंतर केवळ उच्चाराचे आहे. पहिल्यात ‘क’ दुहेरी आहे, दुसऱ्यात ‘यो’ दीर्घ आहे. औषध किती दिवस घ्यावयाचे, हे ऐकताना येथे चूक झाली तर चाराचे आठ होतात. म्हणून हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून घोटावेत.

प्रश्न व सराव

‘दोनो गुराइ काकारिमासु का?’ म्हणजे ‘किती वेळ लागतो?’. उत्तरात अंदाज दर्शवण्यासाठी ‘गुराइ’ कालावधीनंतर ठेवतात : ‘इचिजिकान् गुराइ’, सुमारे एक तास. प्रवास, झोप व अभ्यास यांस दिवसाचा किती वेळ लागतो, हे विद्यार्थ्याने रोज पाच वाक्यांत लिहावे. थोड्याच दिवसांत ‘कान्’ कोठे हवा व ‘नि’ कोठे नको, हे त्याच्या अंगवळणी पडेल.