बेंदूर : बैलाच्या पूजेचा अर्थ



शेतकऱ्याच्या घरी वर्षातून एक दिवस असा येतो की, त्या दिवशी धनी हात जोडून उभा राहतो आणि चाकर आधी जेवतो. तो चाकर म्हणजे बैल. कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांच्या काठच्या आपल्या प्रांतात या दिवसाला बेंदूर म्हणतात. विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथे अशाच सणाला पोळा हे नाव आहे. सण आपल्या परिचयाचा आहे, पण परिचयाच्या गोष्टींचा अर्थ आपण क्वचितच विचारतो. माझे वडील देवळाचे पुजारी. बेंदूर जवळ आला की कित्येक मंडळी त्यांना विचारतात, "गुरुजी, गोठ्यात आता बैल राहिला नाही, पूजा कोणाची करावयाची?" या प्रश्नाचे उत्तर शोधावे, हाच या पाठाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम सण समजून घेऊ.

सणाच्या तिथी

ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास येतो तो कर्नाटकी बेंदूर. आपले कानडी शेजारी त्यास 'कारहुण्णिमे' म्हणतात. आषाढ पौर्णिमेच्या सुमारास येतो तो महाराष्ट्रीय बेंदूर. तो कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूस पाळला जातो. या दोहोंच्या मध्ये ज्येष्ठ अमावास्या येते. उत्तर कर्नाटकात तिला 'मण्णेत्तिन अमावास्ये', म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या, म्हणतात. पोळा श्रावण अमावास्येस असतो. त्याच दिवशी मुलाबाळांच्या कल्याणासाठी माता पिठोरीचे व्रत करतात. पुणे जिल्ह्याच्या काही भागांत मात्र पोळा भाद्रपद अमावास्येस होतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या आप्तांना उत्तरेच्या पंचांगात श्रावणातील हीच अमावास्या भाद्रपदाची म्हणून आढळेल. कारण तेथे महिना पौर्णिमेस संपतो. दिवस एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे.

एकाच सणाला इतक्या तिथी का, असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर शेतीच्या कामात आहे. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात कुळवणी व पेरणीचा मोठा भार बैलावर पडतो. अन्यत्र पेरणीनंतरची कोळपणी आटोपून बैल मोकळा होईतो श्रावण संपत येतो. ज्या प्रांतात ज्या वेळी बैल थकून मोकळा होतो, त्या सुमारास त्या प्रांताचा सण येतो. म्हणजे सणाची तिथी आकाशातील चंद्राप्रमाणेच बैलाच्या खांद्याकडे पाहूनही ठरली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

विधीचा क्रम

आदल्या दिवशी खांदमळणी होते. जुवाने घट्टे पडलेला बैलाचा खांदा ऊन पाण्याने शेकतात आणि त्यास हळद व तूप, लोणी किंवा तेल चोळतात. मग त्यास दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देण्यात येते. सणाच्या दिवशी सकाळी बैलांना नदीवर अथवा ओढ्यावर धुतात. शिंगांना हिंगूळ व बेगड लावतात; अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ व कवड्यांची माळ, कपाळावर गोंडे येतात. जुनी वेसण, म्होरकी व कासरा टाकून नवे घालतात. घरची लक्ष्मी पायांवर पाणी घालून ओवाळते आणि पुरणपोळीचा घास भरवते. सायंकाळी वाजतगाजत मिरवणूक निघते. मानाच्या बैलाने वेशीवरील तोरण तोडावयाचे, अशी पुष्कळ गावांची रीत आहे. कानडी मुलुखात जो बैल पुढे जाईल त्याच्या रंगावरून यंदा कोणते पीक चांगले येईल याचा अंदाज करतात. विदर्भात दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात.

या क्रमात एक गोष्ट ध्यानी घ्यावी. झूल, घुंगूर व मिरवणूक मागाहून येतात. सर्वांच्या आधी येते ती खांदमळणी. जेथे श्रम झाले त्या अवयवाची सेवा प्रथम, अलंकार नंतर. आणि त्या दिवशी औत धरावयाचे नाही, हा नियम सर्व प्रांतांत सारखाच आहे.

पराशरांची आज्ञा

हा विचार लोकरीतीपुरता नाही. त्यास शास्त्राचाही आधार आहे. पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या शेतीविषयी नियम आहेत. भुकेल्या, तहानलेल्या अथवा थकलेल्या बैलास जुंपू नये. व्यंग असलेल्या वा आजारी बैलास कामास लावू नये. अर्धा दिवस काम घेऊन मग त्यास न्हाऊ घालावे, असे तेथे सांगितले आहे. तेथेच नांगरांची प्रतवारीही आहे. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा उपजीविकेचा, चारांचा निर्दयांचा आणि दोहोंचा बैलाचा घात करणारांचा, असा तिचा आशय आहे. कृषिपराशर नावाच्या जुन्या संस्कृत शेतीग्रंथातही हाच हिशेब येतो. आठ बैल ठेवणे प्रत्येकास शक्य नव्हते, हे स्मृतिकारांस ठाऊक नसेल असे नाही. भार जितका वाटला जाईल तितका धर्म अधिक, हे त्यांस सांगावयाचे होते.

आपल्या काळ्या रानात ही गोष्ट व्यवहारातही खरी होती. येथील भारी जमिनीत लाकडी नांगर ओढण्यास सहा-आठ बैल जुंपावे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडील मराठा संस्थानिकांनी गीर, कांकरेज, ओंगोल व म्हैसूरकडील गुरांच्या संकरातून 'कृष्णा खोरे' ही थोराड जात तयार करविली, ती याच जमिनीसाठी. गाडीस व चपळ कामास खिलार, भारी रानास कृष्णा खोरे, अशी त्यांची कीर्ती होती. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या समजुतीने शेतकरी आरंभी तो घेईनात. हळूहळू तो रुजला आणि बैलांचे कष्ट काही अंशी हलके झाले.

आजचा कायदाही त्याच वाटेने गेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये; विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक घेऊ नये; उष्णता ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये; अणकुचीदार टोकाची काठी वापरू नये. पराशर आणि १९६५ चे नियमकर्ते यांच्यामध्ये अनेक शतके गेली; तरी दोघांनी विचार केला तो बैलाच्या विश्रांतीचाच.

गोठा रिकामा का झाला

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतातील गोवंशाची संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख भरली. त्यात गायी १४ कोटी ५१ लाख असून २०१२ च्या मानाने त्या १८ टक्क्यांनी वाढल्या. नर मात्र सुमारे ४ कोटी ७४ लाखच राहिले. सात वर्षांत ते ३० टक्क्यांनी घटले. गाय वाढते आणि बैल नाहीसा होतो, याचा अर्थ उघड आहे. दूध विकले जाते. नांगराचे काम ट्रॅक्टर करतो. परदेशी संकराच्या गोऱ्ह्यास जू टेकावयास पुरेसे वशिंड नसते आणि ऊनही सोसत नाही. म्हणून तो औतास फारसा उपयोगी पडत नाही. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यास वर्षभर बैलजोडीची वैरण परवडत नाही. यासाठी त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. ट्रॅक्टरने बैलाच्या खांद्यावरील भार उतरविला, हेही खरेच आहे.

परंतु जे बैल उरले आहेत त्यांचे श्रम कमी झालेले नाहीत. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात उसाच्या गाड्या ओढणारी जोडी आपण रस्त्यावर पाहतोच. तिचा धनी पुष्कळदा दूरच्या दुष्काळी जिल्ह्यातून पोटासाठी आलेला असतो. दोघांचेही कष्ट सारखेच. बैलगाड्यांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी घातली होती आणि मे २०२३ मध्ये राज्यांनी केलेले नवे कायदे वैध ठरविले. कायद्याने अटींसह मोकळीक दिली; पण बैलास मारून पळविणे हा त्याचा मान नव्हे, एवढे ओळखावयास न्यायालयाची आवश्यकता नसावी.

मग पूजा कोणाची?

ज्यांच्या गोठ्यात बैल आहे त्यांनी पूजेत त्याचे सुख पाहावे. शिंगे फार खोल साळू नयेत. आतील भाग जिवंत असतो व त्यास रक्त येते. अंगावर तैलरंग फासू नयेत. कर्ण्यांचा गोंगाट व फटाके यांपासून त्यास दूर ठेवावे. नैवेद्य एक-दोन घासच द्यावा. रवंथ करणाऱ्या जनावरास एकदम पुष्कळ पुरण अथवा धान्य चारले तर पोटात आम्ल वाढते, आणि प्रसंगी ते दगावतेही. प्रेमाने केलेली ही चूक फार महाग पडते. पोटभर हिरवी वैरण, स्वच्छ पाणी आणि सावली हाच त्याचा खरा महानैवेद्य होय.

ज्यांच्या घरी बैल नाही त्यांनी कुंभाराकडून मातीची जोडी आणून पूजावी. ही पळवाट नव्हे. आपल्या प्रांताची ती जुनीच रीत आहे. मात्र मातीच्या बैलास खांदा नाही व भूकही नाही. म्हणून पूजेचा उरलेला अर्धा भाग जिवंत प्राण्याकडे पोहोचविला पाहिजे. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या बैलास कडब्याची पेंढी, पांजरपोळातील जनावरांना वैरणीची गाडी, हंगामात दारावरून जाणाऱ्या उसाच्या जोडीस बादलीभर पाणी : यांपैकी जे जमेल ते करावे. बैलाच्या मागे चालणाऱ्या माणसासही विसरू नये. सालगड्यास त्या दिवशी नवे वस्त्र व सुग्रास जेवण देण्याची चाल जुनीच आहे. आज ट्रॅक्टर चालविणारा वा ऊस तोडणारा तिचा तितकाच अधिकारी आहे.

शिवालयात शिरताना आपण प्रथम नंदीचे दर्शन घेतो. शिल्पकाराने त्याच्या अंगावर झूल व घंटामाळ कोरलेली असते, परंतु मानेवर जू कोरलेले नसते. तो स्वस्थ बसलेला असतो. पुढच्या खेपेस मुलांना हे दाखवावे आणि घरी पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. सणात खांदमळणी अलंकारांच्या आधी का येते?
२. पराशरांची प्रतवारी आणि १९६५ चे नियम यांत समान काय आहे?
३. आपल्या घरासाठी वर्षभर राबणारा, पण ज्याच्या विश्रांतीचा विचार आपण कधी केला नाही, असा जीव कोणता? येत्या बेंदरास त्याच्यासाठी आपण काय करणार?