चाकाचा नट किती आवळावा?

भाताच्या चिखलणीचे दिवस आले की ट्रॅक्टरची रबरी चाके उतरवून लोखंडी जाळीची चाके चढवावयाची आणि काम संपताच ती पुन्हा बदलावयाची, हा क्रम अनेक गावांत रूढ आहे. मालवाहू ट्रकचे चाक तर पंक्चर, ब्रेक, ग्रीस अशा कारणांनी वर्षातून कितीतरी वेळा उतरते. दर वेळी अखेरचे काम नट आवळण्याचे असते आणि ते कोणालाही जमते अशा समजुतीने बहुधा क्लीनरवर सोपविले जाते. परंतु टायरसह सुमारे १०० किलोग्रॅम वजनाचे चाक धावत्या गाडीतून निखळले, तर त्याच्या वाटेत गाडीचा मालक क्वचितच असतो. असतो तो रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस.

नट फिरविला म्हणजे स्टड लांबतो. पोलादी स्टड ही एक अत्यंत ताठ स्प्रिंगच होय. लांबलेला स्टड पूर्ववत होऊ पाहतो व चाकाची तबकडी हबवर दाबून धरतो. या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण हेच प्रामुख्याने ब्रेकचे व रस्त्याचे हिसके पेलते. दाब कमी पडला की तबकडी आडवी सरकू लागते, आणि आडव्या हालचालीने नट आपोआप मागे फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी हे दाखवून दिले. नुसत्या स्प्रिंग वॉशरवर विसंबणाऱ्यांनी हा निष्कर्ष विसरू नये.

अनेक अवजड वाहनांत २२ मिलिमीटर व्यासाचे, बारीक आट्यांचे स्टड असतात. त्यांच्या नटांसाठी सामान्यतः ६०० ते ७०० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ६१ ते ७१ किलोग्रॅम-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. याचा अंदाज शिक्षकांना वर्गात सहज देता येईल. पान्याचा दांडा आडवा व एक मीटर लांबीचा असून ६५ किलोग्रॅम वजनाचा माणूस त्याच्या टोकावर स्थिर उभा राहिला, तर ६५ किलोग्रॅम-मीटर टॉर्क मिळतो. तोच दांडा ३० सेंटिमीटरचा असेल, तर २०० किलोग्रॅमहून अधिक जोर लागेल. उलट दोन मीटरची नळी घालून त्यावर उडी मारली, तर मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

एवढ्या टॉर्कने एका स्टडवर सुमारे २० टनांचा ताण येतो. दहा नट असलेल्या चाकावर एकूण दाब २०० टनांच्या घरात जातो. मात्र या ताणाने ५० मिलिमीटर लांबीचा स्टड जेमतेम ०.१५ मिलिमीटर लांबतो. तबकडी आणि हब यांच्यामध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला आणि गाडी चालू लागल्यावर तो ०.०५ मिलिमीटरने जरी चेपला, तरी ताणाचा मोठा वाटा निघून जातो. पाना कितीही काटेकोर असो, नट सैल झालाच. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तारेचा ब्रश न वापरता चाक चढविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट घर्षणाची. लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे निम्मा नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात आणि ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. स्टड ताणण्यास जेमतेम १० टक्के उरतो. आट्यांना तेल लावल्याने घर्षण थोडे घटले, तरी तोच टॉर्क स्टडला कितीतरी अधिक ताणतो. काही नटांना तेलाचे एक-दोन थेंब आवश्यक असतात, तर गोल किंवा निमुळत्या बैठकीचे नट बहुधा कोरडेच बसवितात. उत्पादकाच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे तेच ग्राह्य धरावे. मिस्त्रीची सवय येथे प्रमाण नव्हे.

बोल्टच्या डोक्यावरील आकडेही वाचावेत. ८.८ म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ८० किलोग्रॅम भार सोसणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा लांबू लागणारा, १०.९ म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम व ९० टक्के. १०.९ च्या जागी ८.८ चा बोल्ट घालून तेवढाच आवळला, तर तो आतून ओढला जातो व पुन्हा स्प्रिंगप्रमाणे वागत नाही. एक स्टड तुटला असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टडही बदलावेत, कारण तुटलेल्याचा भार त्यांनी वाहिलेला असतो.

प्रत्यक्ष आवळताना सर्व नट प्रथम हाताने चढवावेत, मग समोरासमोरचे घेत दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. अखेरचा टप्पा चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने करावा. हवेच्या बंदुकीने नव्हे, कारण तिचा जोर हवेच्या दाबानुसार बदलतो. पाना संथपणे ओढावा आणि टक असा आवाज होताच थांबावे. ट्रकचे नट ८० ते १६० किलोमीटर धावल्यानंतर पुन्हा तपासावे लागतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत कामाच्या पहिल्या काही तासांनंतरच ही तपासणी करावी. सरकारी वाहनांच्या लॉगबुकात इंधनाची नोंद बिनचूक असते. त्याच पानावर या तपासणीची एक ओळ घालण्यास कोणताही नियम आड येत नाही.

काही उत्खनन यंत्रांच्या पट्ट्यांचे बोल्ट प्रथम ठरावीक टॉर्कने आवळून मग एक तृतीयांश फेरा आणखी फिरवितात. फेऱ्याचा कोन घर्षणावर अवलंबून नसल्याने बोल्ट किती लांबला हे त्यावरून अधिक खात्रीने कळते. जेथे हाताचा जोर पुरत नाही तेथे दातचक्रांचे टॉर्कवर्धक साधन लावतात. नळीपेक्षा ते सुरक्षित असते.

टॉर्क पाना एकट्या शेतकऱ्याला महाग वाटेल, पण सहकारी सोसायटीला एक ठेवता येईल. वापरानंतर त्याची खूण सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, त्याने नट सोडवू नयेत आणि ५००० वेळा वापरल्यावर किंवा वर्षातून एकदा, जे आधी होईल तेव्हा, त्याची अचूकता तपासून घ्यावी.