जंगलाशेजारी कॅम्पिंगचा धंदा: टेंट शेवटी घ्या, सातबारा आधी बघा



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये आपण टेंट कसा निवडायचा आणि भाड्याने कसा द्यायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, दहा टेंट घेतो आणि काजव्यांच्या सीझनला भंडारदऱ्याकडे लावतो. चालेल ना?"

चालेल. पण टेंट ही या धंद्यातली सगळ्यात सोपी खरेदी आहे. पैसे दिले की मिळतो. अवघड आहे ती जागा आणि परवानगी. ते आधी न बघता उतरलेला माणूस कसा आपटतो, हे मला चांगलं माहीत आहे, कारण तो माणूस मीच होतो.

माझी पहिली रात्र

माझं नाशिकला ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. बूट, सॅक, टेंट, विक्री आणि भाडं दोन्ही. दुकान सुरू झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात वाटलं, लोक आपल्याकडून टेंट भाड्याने नेतात आणि खरे पैसे कॅम्पवाले कमावतात, मग आपणच कॅम्प का लावू नये? प्रत्येकी ११०० रुपये घेऊन ३४ जणांचं बुकिंग केलं. जागा अकोले तालुक्यातल्या एका गावात, ओळखीच्या बाबांच्या शेतावर. बाबा म्हणाले, "आपलीच जमीन हाये, लावा खुशाल." मी लावले.

रात्री नऊच्या सुमारास वनरक्षक आले. मध्ये मोठी शेकोटी, बाजूला स्पीकर. त्यांनी शांतपणे दोनच गोष्टी विचारल्या: जमिनीचा कागद आणि परवानगी. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. बाबांची जमीन सातबाऱ्यावरची मालकी नव्हतीच, तो वनपट्टा होता. बाबा खोटं बोलले नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या कसतात, म्हणून त्यांच्या दृष्टीने ती त्यांचीच. विचारायचं काम माझं होतं.

शेकोटी विझवली, टेंट काढले. पाहुणे गावातल्या घरांच्या ओट्यांवर आणि पडवीत झोपले. मी सगळ्यांचे मिळून ३७,४०० रुपये परत केले. पण खरी गोष्ट सकाळी झाली. बाबांनी चहा देताना विचारलं, "माझ्या पट्ट्याला काही व्हनार नाही ना?" मी गप्प. मी एका रात्रीचे पैसे घालवले होते, त्यांचं सगळं पणाला लागलं होतं. मग मी वन कार्यालयात जाऊन चूक माझी आहे असं लिहून दिलं. पट्ट्याला काही झालं नाही, पण पंधरा दिवस त्या घरात कुणाला नीट झोप नव्हती. म्हणून आजचा पहिला धडा जमिनीचा.

धडा १: "आपली जमीन" म्हणजे नक्की कुणाची?

गावात जाऊन गट नंबर विचारा आणि महाभूलेखच्या साइटवर सातबारा बघा. साधारण पाच प्रकार निघतात.

१. राखीव किंवा संरक्षित वन. ही वन विभागाची जमीन. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात विनापरवानगी शिरणं आणि आग पेटवणं हा गुन्हा आहे. इथे स्वतःहून टेंट लावायचा विचारही करू नका.

२. अभयारण्य. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. भंडारदरा परिसरातली बरीच गावं याच्या आतच आहेत. इथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागतो: पर्यटकाला प्रवेशासाठी परवानगी, आग लावायची नाही, प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, कचरा टाकायचा नाही. जमीन खासगी असली तरी आजूबाजूचं जंगल अभयारण्यच असतं, हे विसरू नका.

३. वनपट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन. ती राहायला आणि स्वतः कसायला असते. वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. तिच्यावर तुमचा व्यावसायिक कॅम्प लावणं म्हणजे त्या कुटुंबाला अडचणीत आणणं.

४. आदिवासी खातेदाराची मालकीची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेसुद्धा परस्पर देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर केलेला करार इथे कामाचा नाही.

५. धरणाकाठची जमीन. पाण्याला लागून सपाट, हिरवीगार, फोटोला एकदम भारी. पण ती बऱ्याचदा जलसंपदा विभागाची संपादित जमीन असते. रिकामी दिसते म्हणून मोकळी नसते.

आता तुम्ही म्हणाल, मग उरलं काय?

धडा २: जागा त्यांची, सामान आपलं, पाहुणे दोघांचे

उरला तो सगळ्यात चांगला मार्ग. कॅम्प तुम्ही चालवूच नका. ज्या गावकऱ्याची घराजवळ स्वतःची मालकीची जागा आहे आणि जो स्वतः पाहुणे ठेवतो, त्याच्याशी जोडून घ्या. कॅम्पचा चालक तो. तुम्ही सामान भाड्याने देता, शहरातून बुकिंग आणता, स्वच्छतेची आणि सुरक्षेची पद्धत बसवून देता. बऱ्याच गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते, अभयारण्यातल्या गावांत परिस्थितीकीय विकास समिती असते. वन विभागाने मान्य केलेल्या ठिकाणी या समित्या पर्यटनाचं काम बघतात. आधी त्यांच्या अध्यक्षांना भेटा.

मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दोघांनी मिळून लेखी अर्ज द्या: गट नंबर, किती टेंट, कोणत्या तारखा, किती माणसं, कचऱ्याचं काय करणार. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पण पोच म्हणजे परवानगी नव्हे, हा घोटाळा बरेच जण करतात. उत्तर लेखी येऊ द्या, मगच बुकिंग उघडा. ग्रामपंचायतीलाही कळवा.

धडा ३: गिऱ्हाईक काळोखासाठी पैसे देतं

काजवे दिसतात ते साधारण मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत. चमकणं ही त्यांची जोडीदार शोधायची भाषा आहे. तुम्ही मोठा लाइट लावला, गाडीचे हेडलाइट चालू ठेवले, की ती भाषाच पुसली जाते. मीलन झालं नाही तर अंडी नाहीत, आणि पुढच्या वर्षी काजवे कमी. म्हणजे तुमचा मालच कमी. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर हे स्वतःच्या गोदामाला आग लावण्यासारखं आहे.

म्हणून हे नियम बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा, तिथे गेल्यावर सांगू नका:

• कॅम्प काजव्यांच्या झाडांपासून लांब. तिथपर्यंत स्थानिक वाटाड्यासोबत चालत जायचं.
• टॉर्चवर लाल जिलेटिन कागद, उजेड फक्त पायाखाली.
• फांदी हलवायची नाही, काजवा बाटलीत भरायचा नाही.
• स्पीकर आणि दारू नाही.
• शेकोटी नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा काळ धरला जातो, आणि काजव्यांचा सीझन नेमका त्यातच येतो.

"सर, एवढे नियम वाचून लोक पळतील." काही पळतात. पळू द्या. जे राहतात ते पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतात.

धडा ४: वहीतला हिशोब

आता पेन घ्या. आकडे समजायला सोपे केलेत, तुमच्या भागातले भाव घालून परत मांडा.

दोन जणांचा एक संच: टेंट २५००, दोन चटया ८००, दोन स्लीपिंग बॅग २२००, कंदील ३००. एकूण ५८०० रुपये. दहा संच ५८,०००.

एक संच ६० रात्री टिकतो असं धरा, कारण चेन जाते, काडी मोडते. म्हणजे एका रात्रीला ९७ रुपये झीज. त्यात धुलाई ६० आणि दुरुस्ती ३० मिळवा: १८७. एका माणसामागे ९४.

पॅकेज १२०० रुपये धरू. प्रवेश शुल्क पाहुणा नाक्यावर स्वतः भरेल. एका माणसामागे बदलता खर्च: जेवण, नाश्ता आणि चहा ३५०, जागामालकाचा वाटा २००, सामान ९४, स्वच्छता आणि कचरा परत आणणं ४०. एकूण ६८४. उरले ५१६.

कितीही पाहुणे आले तरी होणारा खर्च: सामानाची गाडी २५००, रात्रभर उभी ठेवलेली तातडीची गाडी १६००, दोन वाटाडे १४००. एकूण ५५००.

२० पाहुणे आले तर १०,३२० वजा ५५००, हातात ४८२०. ११ आले तर फक्त १७६. १० आले तर ३४० खिशातून. म्हणजे ११ च्या खाली बुकिंग असेल तर तारीख रद्द करायची आणि पैसे परत द्यायचे. हे आधीच ठरवा, आदल्या रात्री नाही.

अजून एक. वर्षात ३६५ रात्री असल्या तरी या धंद्याच्या नाहीत. काजव्यांचे मोजके शनिवार आणि हिवाळ्यातले शनिवार मिळून पंचवीसेक रात्री धरा. त्यामुळे कर्ज काढून पन्नास टेंट घेऊ नका. नोकरी किंवा दुकान सांभाळून दहा संचांपासून सुरुवात करा.

बरेच जण तातडीच्या गाडीचे १६०० कापतात, कारण "काही होत नाही". तिथे मोबाईलला रेंज नसते, रात्री साप निघतात, वळवाच्या पावसात विजा पडतात. सर्पदंशाचं औषध कोणत्या जवळच्या सरकारी रुग्णालयात आहे ते आधी जाऊन विचारा. रेंज कुठे मिळते ती जागा बघून ठेवा, तिथून १०८ लावता आला पाहिजे. वीज कडाडायला लागली की टेंट सोडून सगळ्यांनी पक्क्या घरात. आणि रात्री धरणाच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी.

आजचा गृहपाठ

टेंटची चौकशी पंधरा दिवस बंद. तुमच्या जवळचं एक जंगलाकाठचं गाव निवडा आणि तीन कामं करा: एका जागेचा सातबारा काढा, गावातल्या समितीच्या अध्यक्षांना भेटा, आणि वरचा हिशोब तुमच्या भावाने मांडा. किती पाहुण्यांना ना नफा ना तोटा होतो, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ते बाबा आता धंद्यात आहेत बरं का. पट्ट्यावर नाही, घरामागच्या त्यांच्या मालकीच्या तुकड्यावर. कागद त्यांच्या मुलाच्या नावाने, लेखी परवानगीसह. आई पिठलं-भाकरी करतात, मुलगा वाटाड्या. मी फक्त सामान आणि पाहुणे पाठवतो. दर सीझनला पहिल्या रात्री बाबा मला कागदांची फाईल आणून दाखवतात आणि हसतात. मी ती दरवेळी उघडून वाचतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!