नाडी न लागणारा आजार : ताकायासू रोहिणीदाह आणि तरुण वयातील उच्च रक्तदाब

उच्च रक्तदाब हा उतारवयाचा विकार होय, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे अठरा-वीस वर्षांच्या मुलीचे डोके दुखू लागले, जिना चढताना तिला धाप लागू लागली, तर अशक्तपणा, अभ्यासाचा ताण किंवा चष्म्याचा नंबर अशी कारणे प्रथम सुचतात. रक्तदाब मोजण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. मोजला, तरी एकाच हाताचा मोजला जातो. आणि नेमका तोच हात फसवा असू शकतो. अशा एका आजाराची ओळख आमच्या हितचिंतकांना व रुग्णांच्या आप्तेष्टांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आजाराचा इतिहास

सन 1908 मध्ये मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुण स्त्रीच्या नेत्रपटलावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण पाहिली व ती आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली. अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्यांच्या सहकाऱ्यांच्या निदर्शनास आले. म्हणून या विकारास ‘नाडीविहीन रोग’ असेही नाव पडले. आज तो ‘ताकायासू रोहिणीदाह’ या नावाने ओळखला जातो. आजार विरळ असला, तरी आशियाई देशांत तो तुलनेने अधिक आढळतो. तो बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. तथापि पुरुष व लहान मुलेही त्यातून सुटत नाहीत.

शरीरात नेमके काय घडते?

हृदयातून निघणारी महारोहिणी आणि तिच्या मोठ्या शाखा यांच्या भिंतींना या आजारात दाह होतो, म्हणजे सूज येते. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, असे त्याचे स्वरूप आहे. मूळ कारण मात्र अद्याप उलगडलेले नाही. आरंभी बारीक ताप, थकवा, वजन घटणे, सांधेदुखी अशी मोघम लक्षणे दिसतात. पुढे भिंती जाड होऊन वाहिनीची पोकळी अरुंद होते. जपानमध्ये मानेकडे व हातांकडे जाणाऱ्या शाखा अधिक बाधित होतात, तर भारतीय रुग्णांत उदरातील महारोहिणी व मूत्रपिंडांच्या रोहिण्या बाधित होण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणूनच आपल्याकडे या आजाराचे पहिले दर्शन अनेकदा उच्च रक्तदाबाच्या रूपाने घडते.

मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली की त्यास रक्त कमी पोहोचते. सर्व शरीराचाच रक्तदाब खालावला आहे, असा मूत्रपिंडाचा ग्रह होतो व ते रेनिन नावाचा स्राव रक्तात सोडते. त्यातून पुढे रक्तवाहिन्या आकसतात, क्षार व पाणी शरीरात साठते आणि रक्तदाब चढतो. ही कार्यकारणसाखळी उलगडण्याचा प्रारंभ हॅरी गोल्डब्लॅट यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी झाला. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळताच त्यांचा रक्तदाब वाढत असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

निदान : चारही अवयवांचा रक्तदाब

आता या आजाराची खरी फसगत पाहू. डाव्या हाताची रोहिणी अरुंद झालेली असेल, तर त्या हातात रक्तदाब 110 दिसेल; महारोहिणीत मात्र तो 190 असू शकेल. ‘रक्तदाब उत्तम आहे’ असे सांगून मुलीला घरी पाठविले जाते. तिकडे हृदय, मेंदू, डोळे व मूत्रपिंडे तो दाब निमूटपणे सोशीत राहतात. हृदय थकल्यावर अथवा पक्षाघाताचा झटका आल्यावरच मग रोग उघडकीस येतो.

हे टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. तरुण रुग्णात संशय येताच दोन्ही हातांचा व दोन्ही पायांचा रक्तदाब मोजावा, सर्व नाड्या चाचपाव्यात आणि मान व पोटावर स्टेथोस्कोप ठेवून घरघर ऐकावी. दोन हातांच्या वरच्या रक्तदाबात 20 किंवा अधिक अंकांचा फरक असणे, ही महत्त्वाची खूण होय. निरोगी माणसाच्या पायातील रक्तदाब हाताइतका किंवा किंचित अधिक असतो. तो बराच कमी भरल्यास उदरातील महारोहिणीची शंका घ्यावी. यानंतर डॉप्लर, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने वाहिन्यांचे चित्र घेतले जाते. ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्यांनी दाहाचा अंदाज येतो. परंतु त्या निर्दोष आल्या म्हणून आजार शमला, असे खात्रीने म्हणता येत नाही.

उपचार

उपचारांची दिशा दुहेरी असते. दाह शमविण्यासाठी प्रथम प्रेड्निसोलोनसारखे स्टिरॉइड देतात व मात्रा हळूहळू उतरवितात. सोबत मेथोट्रेक्झेट, अझाथायोप्रिन यांसारखी औषधे असतात. त्यांनी न भागल्यास टोसिलिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शने वापरली जातात. दुसरीकडे रक्तदाब औषधांनी आटोक्यात ठेवावा लागतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या रोहिण्या अरुंद असल्यास रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्या मूत्रपिंडांचे कार्य मंदावतात. म्हणून आजोबांना लागू पडलेली गोळी नातीला परस्पर देऊ नये.

अरुंद रोहिणी फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येते. क्वचित शस्त्रक्रियेने पर्यायी मार्ग जोडावा लागतो. दाह शांत असताना हे उपचार केल्यास यश अधिक टिकते. तरीही वाहिनी पुन्हा आकसू शकते, हे रुग्णाने जाणून असावे.

आप्तेष्टांस विनंती

स्टिरॉइडने चेहरा सुजतो, वजन वाढते. विवाहयोग्य मुलीच्या घरी याची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या चिंतेपोटी औषध अचानक बंद करणे प्राणघातक ठरू शकते. दुष्परिणाम डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावेत. कोणत्या हाताचा किंवा पायाचा रक्तदाब विश्वसनीय आहे, हे विचारून घ्यावे व केसपेपरवर ठळक लिहून ठेवावे. मातृत्व अशक्य नाही. मात्र मेथोट्रेक्झेटसारखी काही औषधे गर्भास घातक असल्याने आधी सल्ला घेऊनच त्याचे नियोजन करावे.

हा आजार पुष्कळदा वर्षानुवर्षे सोबत राहतो. त्यामुळे एका शस्त्रक्रियेच्या खर्चाइतकीच दरमहाच्या औषधांची व नियमित तपासणीची तरतूद मोलाची असते. देणगीदारांनी दिलेला रुपया अशा ठिकाणी गाजावाजा न होता कामी येतो. आणि ज्या तपासणीपासून सारा आरंभ होतो, तिला तर रक्तदाबमापकाचा योग्य मापाचा पट्टा आणि डॉक्टरांची दहा मिनिटे एवढेच लागते.