पिकअपला मोठी डिझेल टाकी बसवताय? आधी हे वाचा



"मोठी टाकी टाकली तर पंपावर थांबायची कटकट जाईल का?" असं बरेच सभासद विचारतात. निर्णय तुमचाच, पण आधी हिशोब करा.

हिशोब : गाडी लिटरला १२ किमी देत असेल तर ४५ लिटरमध्ये ५४० किमी जाते. नाशिक-वाशी जाऊन-येऊन साधारण ३५० किमी. म्हणजे रोजच्या बाजाराला आहे ती टाकी पुरते. ७० लिटरची घेतली तर ८४० किमी होतात, पण जादा २५ लिटर डिझेलचं वजनच सुमारे २१ किलो. तेवढा, म्हणजे टोमॅटोचं जवळजवळ एक कॅरेट, माल कमी भरावा लागेल. फायदा लांब पल्ल्याच्या गाडीलाच.

कागदपत्रं : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाही. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो.

बसवायचीच असेल तर एवढं पाहा :

१. टाकी त्याच मॉडेलसाठी बनवलेली घ्या. आतून जस्ताचा मुलामा असलेली नको. डिझेलमध्ये जस्त उतरतं आणि फिल्टर, नोझल खराब होतात.

२. आत आडव्या पट्ट्या हव्यात. नाहीतर घाटात अर्धी भरलेली टाकी हिंदकळते.

३. हवेची नळी (ब्रीदर) मोकळी हवी. ती बंद असेल तर टाकीत ओढ बसते आणि गाडी चढावर बंद पडते.

४. टाकी सायलेन्सर आणि शाफ्टपासून लांब हवी. माल भरलेला असताना खाली वाकून बघा, कारण पाटे दबले की अंतर कमी होतं.

५. फ्लोट नव्या टाकीच्या मापाचा हवा. जुनाच ठेवला तर काटा खोटं दाखवतो.

६. बसवण्याआधी टाकी आतून स्वच्छ करा आणि नवीन फिल्टर टाका. बीएस-६ गाडीच्या इंजेक्टरला बारीक कचराही चालत नाही.

७. आधी १० लिटरच टाका, सगळे जॉइंट कोरड्या फडक्याने पुसून गळती बघा. ५० किमी चालवून पट्टे पुन्हा आवळा.

सर्वात महत्त्वाचं : जुनी टाकी कापून, वेल्डिंग करून मोठी करू नका. रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ उरते. पाण्याने धुतली तरी ती पूर्ण जात नाही. वेल्डिंगची ठिणगी पडली की टाकी बॉम्बसारखी फुटते. "आम्ही नेहमी करतो" असं गॅरेजवाला म्हणाला तरी गाडी तिथून काढा. चार पैसे वाचतील, पण माणूस परत येत नाही.

हा मेसेज आपल्या ड्रायव्हरला जरूर वाचून दाखवा.