झडीच्या दिवसांसाठी दिवा

शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सौर दिवा लावायचा बेत बहुधा उन्हाळ्यात ठरतो. कामे थोडी सैल झालेली असतात, पीक विकून हातात चार पैसे आलेले असतात आणि डोक्यावर ऊन असे तळपत असते की उजेडाची चिंताच मिटली असे वाटावे. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात एक चौरस मीटर जमिनीवर दिवसाला साडेसहा युनिटांच्या आसपास सौर ऊर्जा पडते. त्या दिवसांत बरा-वाईट कोणताही दिवा रात्रभर जळतो आणि घेणाऱ्याची खात्री पटते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि घाटमाथ्यावर हाच आकडा निम्म्यावर येतो. झड लागलेल्या दिवशी तर त्या निम्म्याचाही निम्मा पदरात पडला तरी पुष्कळ. म्हणून माझे म्हणणे असे की शेडचा दिवा वर्षाची सरासरी पाहून घेऊ नये. वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या सलग तीन दिवसांचा विचार करून घ्यावा. हिशेबाची सुरुवातही पॅनेलपासून किंवा दिव्यापासून न करता त्या तीन रात्रींना किती साठा लागेल इथून करावी.

यावर कोणी म्हणेल की पावसाळ्यातले चार दिवस विजेरीवर काढता येतात, त्यासाठी एवढा खर्च कशाला? हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याचे कारण पैशांचे नाही. भारतातील मृत्यूंच्या कारणांच्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला सर्पदंशाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. मरणारे बहुतेक खेड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. शेतावरच्या शेडमध्ये या महिन्यांत काय असते ते पाहा: कोरडी जागा, कडबा, रिकाम्या पोत्यांचा ढीग, धान्याच्या वासाने आलेले उंदीर. बाहेर बिळांत पाणी शिरले की घोणस आणि मण्यार याच कोरड्या जागेकडे येतात. कोकणात त्यांच्या जोडीला फुरसे असते. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते, आणि तिचा दंश पुष्कळदा इतका कमी दुखतो की झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तेव्हा दिवा ज्या रात्री सगळ्यांत जास्त हवा असतो, नेमक्या त्याच रात्री साधा सौर दिवा मंदावतो. हातात विजेरी असली तरी वैरणीचा भारा उचलायला दोन्ही हात लागतात. डोक्यावर स्थिर उजेड असणे ही इथे चैन नव्हे.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. खोक्यावर शंभर वॉट, दोनशे वॉट असे आकडे ठळक छापलेले असतात. ते खरे की खोटे हे समजायला दुकानात फक्त टेप लागतो. पूर्ण तळपत्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट पडतात. चांगले पॅनेल त्यातला वीस-बावीस टक्के भाग विजेत बदलते, म्हणजे एक वॉट मिळवायला जवळपास पन्नास चौरस सेंटिमीटर जागा लागते. पंधरा बाय वीस सेंटिमीटरचे पॅनेल सहा-सात वॉटचे असते. खोक्यावर काहीही लिहिलेले असो. बॅटरीचेही तसेच. दहा हजार एमएएच हा आकडा मोठा दिसतो, पण व्होल्ट सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. ३.७ व्होल्टच्या सेलमध्ये दहा हजार एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास. तेवढेच दहा अँपिअर-तास बारा व्होल्टच्या बॅटरीत असले तर १२० वॉट-तास होतात. दुकानदाराला नेहमी वॉट-तास विचारावेत. ते लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार स्वतः करावा. बोटाएवढ्या जाडीचा, साडेसहा सेंटिमीटर लांबीचा जो गोल लिथियम सेल अशा दिव्यांत असतो, त्यात आजच्या तंत्राने साधारण साडेतीन हजार एमएएचपेक्षा जास्त मावत नाही. त्या एका सेलवर नऊ-दहा हजार छापलेले दिसले तर तो दिवा परत ठेवावा.

शेडची गरज मांडायला फार गणित लागत नाही. काम करताना आतल्या बाजूला पाच वॉटचा एलईडी पुरतो. चांगला एलईडी वॉटला शंभर ल्युमेन देतो, म्हणजे पाचशे ल्युमेन, साधारण पूर्वीच्या चाळीस वॉटच्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडे अधिकच. तो रोज चार तास लावला तर वीस वॉट-तास. उंबऱ्यावर रात्रभर एक वॉटचा दिवा ठेवला तर आणखी अकरा. एकूण एकतीस. सलग तीन रात्री ऊन न मिळता काढायच्या तर शंभरएक वॉट-तासांचा वापरता येण्याजोगा साठा हवा. ‘वापरता येण्याजोगा’ या शब्दांवर माझा भर आहे, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. लेड-अॅसिड बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून शंभर हवे असतील तर दोनशेहून अधिक, म्हणजे बारा व्होल्टची वीस अँपिअर-तासांची बॅटरी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, त्यामुळे १२.८ व्होल्टची बारा अँपिअर-तासांची पुरते. ती महाग पडते, पण दोन हजारांहून अधिक वेळा भरते-रिकामी होते. लेड-अॅसिड त्या मानाने काही शे वेळांत थकते. पॅनेल शेवटी ठरवावे. ढगाळ दिवशी पूर्ण उन्हाचा दीड तास मिळाला असे धरले आणि चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर, तार, बॅटरी यांत तीस टक्के गेले असे मानले, तर चाळीस वॉटचे पॅनेल बेचाळीस वॉट-तास देते. रोजचे एकतीस भागून थोडे उरते, आणि रिकामी झालेली बॅटरी हळूहळू पुन्हा भरत जाते. उन्हाळ्यात हेच पॅनेल गरजेच्या पाच-सहापट वीज देईल. ती वाया जाते असे म्हणणारे भेटतील. त्यांना उत्तर एवढेच की उन्हाळ्यापुरते पॅनेल घेतले तर वाया जाणारी वीज वाचते आणि आषाढात अंधार होतो.

जागेचा विचार हिशेबाइतकाच महत्त्वाचा. पॅनेल आणि दिवा एकाच चौकटीत असलेल्या तयार दिव्यात दोघांची गरज विरुद्ध असते: पॅनेलला ऊन हवे, दिव्याला छप्पर. दोन्ही वेगळे असले की पॅनेल पत्र्यावर आणि दिवा वाशाला. महाराष्ट्रात पॅनेल दक्षिणेकडे कलते ठेवतात ते बरोबर, पण फार उभे करू नये. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मळभ असताना उजेड सगळ्या आभाळातून येतो. दहा-पंधरा अंशांचा कल पुरे, तेवढ्यात पावसाने धूळही धुतली जाते. बांधावरच्या बाभळीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी लहान पॅनेलची वीज कितीतरी घटते, म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ सावली कुठे फिरते ते आधी पाहून मगच छिद्रे पाडावीत. बॅटरी मात्र पत्र्याखाली टांगू नये. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अॅसिडचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि विदर्भातल्या मेमध्ये पत्र्यालगत काय तापमान होते ते सांगायला नको. ती उत्तरेच्या भिंतीलगत, जमिनीपासून हातभर वर, खतांच्या पोत्यांपासून आणि कडब्यापासून दूर ठेवावी. धन टोकाला लागूनच फ्यूज असावा. तारेत कंजुषी नको: बारा व्होल्टवर वीस मीटर अंतरासाठी अर्धा चौरस मिलिमीटरची तार वापरली तर एका अँपिअरला सव्वा व्होल्टहून अधिक तारेतच जातात, दीड चौरस मिलिमीटरची वापरली तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतात.

हालचाल टिपणारा सेन्सर लावून बॅटरी वाचवावी, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. उंबऱ्यावर येणाऱ्या माणसासाठी तो चांगला आहे. पण हा सेन्सर आसपासच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाच्या अंगाची हालचाल ओळखतो. सापाचे अंग भोवतालच्या जमिनीइतकेच गार किंवा गरम असते, त्यामुळे सेन्सरला तो दिसत नाही. शेतातली कुत्री मात्र रात्रभर दिवा पेटवत राहतात. शिवाय आत बसून शांतपणे काम करणाऱ्याचा उजेड मध्येच जातो. म्हणून उंबऱ्याचा मंद दिवा सतत चालू आणि आतला दिवा साध्या बटणावर, ही रचना मला अधिक भरवशाची वाटते. उंबऱ्याचा दिवा पांढऱ्याशुभ्र निळसर उजेडाचा न घेता पिवळसर घ्यावा. निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली, आणि त्यांच्या मागावर जो येतो त्यालाच टाळायचे आहे. दिवा दाराच्या चौकटीवर न लावता थोडा दूर लावून उजेड दाराकडे पाडला, तर किडे दिव्यापाशी राहतात आणि दारही दिसते.

शेतात सौर पंप असेल तर त्याच्याच पॅनेलवरून एक तार काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. पंपाची अनेक पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात आणि त्यांचा एकत्रित विद्युतदाब जीवघेणा असतो. शिवाय ती वीज ऊन असेपर्यंतच मिळते, म्हणजे रात्रीचा प्रश्न तिथेच राहतो. चोरीची भीती मात्र खरी आहे. पॅनेल छपरावर न उघडणाऱ्या बोल्टांनी पक्के करावे. लिथियमची बारा अँपिअर-तासांची बॅटरी दीड-दोन किलोची असते, त्यामुळे शेड महिनाभर बंद राहणार असेल तर ती काढून घरी नेता येते. आणि ज्यांच्या शेडमध्ये रात्री कोणी क्वचितच जाते, त्यांनी यातले काहीच घेऊ नये. घरी चार्ज होणारा कंदील, एक चांगली विजेरी आणि पायांत गमबूट पुरेत.

तयार दिवा बिघडला तर दुसरा घेऊ, स्वस्तच तर आहे, हा युक्तिवाद आयआयटी मुंबईच्या एका उपक्रमाने कृतीतून खोडला आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या सौर अभ्यास-दिव्यांच्या योजनेत महाराष्ट्रासह चार राज्यांत दहा लाख दिवे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवायचे होते. त्या दिव्यांची जोडणी, विक्री आणि दुरुस्ती यांसाठी गावांतल्याच माणसांना शिकवले गेले. चिकटवून बंद केलेल्या दिव्याला असा गावातला कारागीर हात लावू शकत नाही. स्क्रूने उघडणारा दिवा, बाजारात सुटी मिळणारी बॅटरी आणि वेगळा कंट्रोलर असला की तालुक्याच्या ठिकाणी कोणीही भाग बदलून देतो. कंट्रोलर घेताना तो आपल्याच जातीच्या बॅटरीसाठी आहे ना, हे पाहावे. लेड-अॅसिडसाठी ठरवलेला कंट्रोलर लिथियमला लावला तर बॅटरी अर्धवट भरते किंवा खराब होते. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की दिवा आपोआप बंद करण्याची सोय त्यात हवीच. खरेदी करायची तर जूनच्या पहिल्या पावसाआधी करावी, म्हणजे जुलैच्या पहिल्या झडीत दिवा पहाटेपर्यंत टिकतो का हे कळते आणि कमी पडला तर हमीच्या मुदतीत बदलूनही घेता येतो.